कापसाचा भाव आणि दिल्लीचे गणित : वऱ्हाडातील डाव्यांची कोंडी

१९८९ च्या लोकसभा निवडणुकीत अमरावती मतदारसंघातून भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सुदामकाका देशमुख निवडून आले. महाराष्ट्रातून भाकपला त्या वर्षी मिळालेली ती एकमेव जागा. त्याच निवडणुकीत शेजारच्या अकोल्यातून भारतीय जनता पक्षाचे पांडुरंग फुंडकर विजयी झाले. एकमेकांना लागून असलेल्या आणि कापसावरच जगणाऱ्या या दोन जिल्ह्यांनी एकाच वेळी लाल आणि भगवा असे दोन कौल दिले. दिल्लीत मात्र या दोन्ही पक्षांनी विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारला बाहेरून पाठिंबा दिला. दोन वर्षे पुरी होण्याआधी देशाच्या तिजोरीत परकीय चलन उरले नाही, सोने गहाण पडले, आणि अमरावतीची जागा डाव्यांच्या हातून गेली. आर्थिक संकट आले की वऱ्हाडातील डावा कार्यकर्ता आपल्याच पक्षाच्या राजकारणात अडकतो, हे या दोन वर्षांत स्पष्ट झाले. त्याची मुळे मात्र बरीच जुनी आहेत.

वऱ्हाडचे अर्थकारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून बाहेरच्या बाजारावर चालत आले आहे. १८५३ मध्ये निजामाने हा प्रांत इंग्रजांच्या ताब्यात दिला. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला एकाएकी महत्त्व आले. मुंबईहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग याच दशकात वऱ्हाडातून गेला. खामगाव, अकोला, अकोट, कारंजा, अमरावती या पेठा कापसावर मोठ्या झाल्या. १८९७ चा वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा हा देशातील नियंत्रित बाजारपेठांच्या इतिहासातला पहिला महत्त्वाचा कायदा मानला जातो. वजनमाप, आडत, दलाली यांना त्याने शिस्त लावली. भाव ठरवणे मात्र त्याच्या आवाक्यात नव्हते. तो लिव्हरपूल आणि मुंबईला ठरे.

जमीनधाऱ्याची पद्धत मुख्यतः रयतवारी असल्यामुळे बंगाल किंवा संयुक्त प्रांतासारखा मोठा जमीनदार वऱ्हाडात क्वचितच होता. कसणाऱ्याच्या मानेवर बसलेले दोघे वेगळेच होते : सावकार आणि बाजार. डाव्या चळवळीच्या पुस्तकी मांडणीत या फरकाला पुरेशी जागा मिळाली नाही, आणि पुढच्या अनेक अडचणी इथूनच निघाल्या. 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा तेलंगणात आणि ठाणे जिल्ह्यातल्या वारली पाड्यांवर जशी पेटली, तशी ती पूर्णेच्या खोऱ्यात पेटली नाही. इथल्या शेतकऱ्याकडे जमीन होती. ती बहुतांशी कोरडवाहू होती आणि सावकाराकडे लिहून दिलेली होती. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून जाणाऱ्या खारपाणपट्ट्यात तर विहीर खणूनही उपयोग नसे, कारण जमिनीखालचे पाणीच खारे आहे.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीने शेतमालाचे भाव कोसळले. कर्जाचे आकडे होते तिथेच राहिले, आणि ते फेडणारे पीक स्वस्त झाले. मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने १९३३ मध्ये कर्ज-समझोता कायदा केला. ऋणको आणि सावकार यांना समोरासमोर बसवून कर्ज कमी करून घेणारी मंडळे त्यातून निघाली. या काळात शेतकऱ्यांचे नेतृत्व कम्युनिस्टांकडे नव्हते. ते बहुजन समाजातून, सत्यशोधकी वातावरणातून वर आलेल्या पुढाऱ्यांकडे होते. पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख १९३० मध्ये प्रांताचे मंत्री झाले. शिक्षण आणि शेती ही खाती त्यांच्याकडे होती. शाळा, वसतिगृहे, सहकार आणि कर्जातून सुटका अशी त्यांच्या राजकारणाची दिशा होती. शेतकऱ्याचा प्रश्न जातीच्या आणि शिक्षणाच्या प्रश्नाला बांधलेला आहे, हे त्यांनी ओळखले होते. डाव्यांना ते उशिरा उमगले, आणि उमगले तेव्हा मैदानावर दुसरे उभे होते.

डाव्यांचा पाय रोवला गेला तो आधी गिरण्यांत. बडनेऱ्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच कापडगिरणी आली होती. अकोल्यात सावतराम रामप्रसाद मिल आणि मोहता मिल, तर अचलपुरात विदर्भ मिल उभी राहिली. ज्या गावात कापूस पिकतो तिथेच त्याचे कापड व्हावे, असा त्यामागचा साधा हिशेब होता. स्वातंत्र्यानंतर या गिरण्या आजारी पडल्या, आणि अकोल्याच्या दोन्ही गिरण्या व अचलपूरची विदर्भ मिल १९७४ च्या राष्ट्रीयीकरण कायद्याने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या. विदर्भातील कामगार चळवळीतून पुढे आलेले सर्वांत मोठे नाव नागपूरच्या ए. बी. बर्धन यांचे. ते १९५७ मध्ये नागपुरातून विधानसभेवर निवडून गेले, पुढे आयटक या कामगार महासंघाचे आणि १९९६ पासून भाकपचे सरचिटणीस झाले. विदर्भाच्या रस्त्यावर घडलेला नेता दिल्लीत पक्षाच्या शिखरावर पोहोचला. म्हणूनच पुढे दिल्लीत झालेल्या निर्णयांचा जाब इथल्या कार्यकर्त्याला दूरच्या कुणाकडे ढकलता आला नाही.

पक्षाच्या भूमिका बदलत होत्या आणि प्रत्येक बदल गावात समजावून सांगावा लागे. १९६४ मध्ये पक्ष फुटला. आणीबाणीत भाकपने इंदिरा गांधींच्या सरकारला पाठिंबा दिला आणि १९७८ च्या भटिंडा अधिवेशनात ती चूक होती असे मान्य केले. ज्या काँग्रेसच्या सोसायटीच्या अध्यक्षाविरुद्ध कार्यकर्ता गावात लढत होता, त्याच काँग्रेसबरोबर वर हातमिळवणी असे. पुन्हा ती मोडे, पुन्हा जुळे. ही ओढाताण डाव्यांच्या नुकसानीचे एक मोठे कारण आहे, हे मान्य करण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

तरीही सत्तरचे दशक महाराष्ट्रात डाव्या विचाराच्या यशाचे दशक होते. १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली, तिचा कायदा १९७७ मध्ये संमत होऊन १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम हा हक्क म्हणून देणारा हा कायदा वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आला, पण त्यासाठी रस्त्यावर रेटा लावणाऱ्यांत डाव्या पक्षांचा आणि शेतमजूर संघटनांचा मोठा वाटा होता. दुसरी गोष्ट वऱ्हाडसाठी याहून मोठी : १९७२ पासून सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी. राज्यातला सगळा कापूस सरकारी यंत्रणेनेच घ्यायचा, शेतकऱ्याला हमीभाव द्यायचा, गाठी विकून नफा झाल्यास वाढीव रक्कम पुन्हा शेतकऱ्याला वाटायची, अशी ती रचना. व्यापाऱ्याला बाजूला सारून उत्पादकाला त्याच्या मालाचा पुरा मोबदला देणारी ही योजना देशात दुसरीकडे कुठेही नव्हती.

प्रत्यक्षात संकलन केंद्रांवर बैलगाड्यांच्या रांगा लागत. ग्रेडरने कापसाची प्रत खाली लावली की भाव घसरे. चुकारे हप्त्याहप्त्याने आणि उशिरा मिळत. सोसायटीचे कर्ज चुकाऱ्यातून परस्पर वळते होई, हातात थोडेच येई, आणि पुढच्या हंगामासाठी पुन्हा कर्जाचे नवे-जुने करावे लागे. बाहेर भाव चढले तर कापूस राज्याबाहेर नेण्यास बंदी. लोक तो चोरून सीमेपलीकडे नेत. भाव पडले तर उलटा प्रवाह सुरू होई आणि तोटा योजनेच्या माथी येई. योजनेवर ताबा होता सत्ताधारी काँग्रेसच्या सहकारी पुढाऱ्यांचा. डाव्यांना तत्त्व म्हणून योजना वाचवायची होती आणि कारभाराविरुद्ध लढायचेही होते. या दोन्ही गोष्टी एकाच भाषणात सांगणे अवघड जाई.

ही पोकळी शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने भरून काढली. १९८० च्या कांदा आणि ऊस आंदोलनांनंतर संघटना विदर्भातल्या कापूस पट्ट्यात आली आणि दशकाच्या मध्यात तिच्या सभांना प्रचंड गर्दी होऊ लागली. 'इंडिया' विरुद्ध 'भारत' ही जोशींची मांडणी शेतकऱ्याला थेट पटली : शहराला स्वस्त कच्चा माल आणि स्वस्त अन्न मिळावे म्हणून सरकारच शेतमालाचे भाव पाडते. डाव्यांचा आक्षेप असा की या मांडणीत सालदार, कापूस वेचणारी बाई आणि भूमिहीन मजूर कुठेच दिसत नाहीत. भाव वाढला तर मजुरी वाढेलच असे नाही. आक्षेप बरोबर होता. पण दहा-बारा एकर कोरडवाहू जमीन असलेला आणि कर्जात बुडालेला कुणबी शेतकरी 'बागायतदार धनिक' म्हणून मोडीत काढणे ही मोठी चूक होती. खारपाणपट्ट्यातले बारा एकर म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातले बारा एकर नव्हेत. मजूर आणि छोटा-मध्यम शेतकरी यांची जोडणी करण्याची संधी डाव्यांकडे होती, कारण दोघांमध्येही त्यांची माणसे होती.

१९८९ चा अमरावतीचा निकाल या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. काँग्रेसविरोधी लाट होती, बोफोर्स तोफखरेदीचे प्रकरण होते, आणि शेतकऱ्यांचा साठलेला राग होता. दिल्लीत जनता दलाचे सरकार आले आणि कोकणातून निवडून येणारे समाजवादी नेते मधू दंडवते अर्थमंत्री झाले. त्यांच्या १९९० च्या अर्थसंकल्पातून दहा हजार रुपयांपर्यंतच्या शेती व ग्रामीण कर्जाला माफी मिळाली. वऱ्हाडात तिचे स्वागत झाले. सावकाराचे कर्ज अर्थातच त्यात नव्हते, आणि बँकेची थकबाकी त्याहून जास्त असलेल्याची पाटी पुरी कोरी होत नव्हती. शरद जोशी शेतीविषयक स्थायी सल्लागार समितीचे अध्यक्ष झाले. शेतीचे प्रश्न प्रथमच दिल्लीच्या मध्यभागी आले, आणि अमरावतीचा कम्युनिस्ट खासदार त्या सरकारच्या पाठीराख्यांत होता.

हे सगळे अकरा महिने टिकले. ऑगस्ट १९९० मध्ये मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करण्याची घोषणा झाली, मग अयोध्येच्या प्रश्नावर भाजपची रथयात्रा निघाली, लालकृष्ण अडवाणींना समस्तीपुरात अटक झाली आणि भाजपने पाठिंबा काढला. ७ नोव्हेंबरला सरकार पडले. त्याच ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतल्यामुळे तेल महागले होते आणि आखातातून येणारा पैसा आटला होता. परकीय चलनाचे संकट रोज गडद होत असताना संसदेत चर्चा होती ती कोणाचे सरकार कोण पाडतो याची. काँग्रेसच्या पाठिंब्यावर चंद्रशेखर पंतप्रधान झाले, यशवंत सिन्हा अर्थमंत्री. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्ज घेतले गेले. मार्च १९९१ मध्ये काँग्रेसच्या दबावाखाली हेही सरकार कोसळले. पूर्ण अर्थसंकल्पसुद्धा मांडता आला नाही. मे महिन्यात २० टन सोने विकण्याच्या मार्गाने बाहेर गेले, जुलैत ४७ टन सोने गहाण ठेवण्यात आले. परकीय गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतीच होती.

१९९१ च्या निवडणुकीत अमरावतीची जागा काँग्रेसच्या प्रतिभा पाटील यांनी जिंकली. अकोल्यात फुंडकर कायम राहिले. पी. व्ही. नरसिंह राव यांचे अल्पमतातले सरकार आले. १ आणि ३ जुलैला रुपयाचे अवमूल्यन झाले, २४ जुलैला मनमोहन सिंग यांचा अर्थसंकल्प आला. खतांच्या किमती ४० टक्क्यांनी वाढवण्याचा त्यात प्रस्ताव होता. संसदेतल्या विरोधानंतर वाढ ३० टक्क्यांवर आणली गेली आणि अल्प-अत्यल्प भूधारकांना तीतून वगळण्याचे ठरले. पुढच्या वर्षी स्फुरद आणि पालाशयुक्त खतांवरचे किंमत नियंत्रण उठवले गेले. कापूस उत्पादकाचा खर्च त्यामुळे तत्काळ वाढला. अवमूल्यनाने निर्यातदाराला जो लाभ व्हायचा, तो त्याच्यापर्यंत थेट पोहोचणे शक्य नव्हते, कारण त्याचा कापूस एकाधिकार खरेदीतच जात होता.

डाव्या कार्यकर्त्याची खरी कुचंबणा इथे आहे. या धोरणाला डाव्यांचा विरोध होता आणि तो स्पष्ट शब्दांत मांडलेला होता. पण जुलैतील विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी राष्ट्रीय आघाडी आणि डाव्या पक्षांनी मतदानात भाग घेतला नाही, आणि सरकार तरले. विरोधात मत दिले असते तर सरकार पडून लगेच तिसरी निवडणूक आली असती, आणि अयोध्येच्या वातावरणात तिचा लाभ भाजपला झाला असता, ही भीती निराधार नव्हती. डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पाडली गेली तेव्हा ती खरी ठरली. तरी चांदूर बाजारच्या किंवा दर्यापूरच्या बाजारात उभे राहून खताच्या पोत्याची किंमत वाढवणाऱ्या सरकारला आपण का वाचवले हे सांगणे म्हणजे शेतकऱ्याला त्याच्या प्रश्नाऐवजी दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देणे होते. जातीयवादाविरुद्धची लढाई आणि पोटाची लढाई एकच आहे असे डावा विचार सांगतो. पण ती एक आहे हे दाखवणारा कार्यक्रम पक्षाने कापूस पट्ट्याला दिला नाही.

रस्त्यावर लढा झालाच. २९ नोव्हेंबर १९९१ रोजी नव्या धोरणाविरुद्ध डाव्या कामगार संघटनांनी देशव्यापी संप केला. जून १९९२ मध्ये पुन्हा केला. आजारी सरकारी गिरण्यांतील कामगारांसमोर त्याच काळात स्वेच्छानिवृत्तीचे कागद येऊ लागले. वऱ्हाडचा कापूस वऱ्हाडात विणणाऱ्या गिरण्या एकामागून एक थंडावत गेल्या आणि डाव्यांचा शहरी पायाही खचला. जुलै १९९३ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे अजय मुखोपाध्याय यांनी मांडलेला अविश्वास ठराव २५१ विरुद्ध २६५ मतांनी पडला. दोन वर्षांपूर्वी जे मत द्यायचे टाळले, ते आता भाजपच्या बाजूला बसून दिले गेले.

शरद जोशींनी खुल्या बाजाराचे स्वागत केले. त्यामुळे शेतकऱ्यांच्या चळवळीतही फूट पडली : सरकारने हात आखडता घ्यावा म्हणणारे एका बाजूला, सरकारने हात द्यावा म्हणणारे दुसऱ्या बाजूला. काँग्रेसविरोधी तरुण कुणबी-माळी मतदार मात्र या दोघांपैकी कोणाकडेही थांबला नाही. १९९६ मध्ये अमरावतीतून शिवसेनेचे अनंत गुढे निवडून आले. १९९८ मध्ये अमरावतीतून रा. सू. गवई आणि अकोल्यातून प्रकाश आंबेडकर विजयी झाले, म्हणजे आंबेडकरी राजकारणाने काँग्रेसच्या साथीने दोन्ही जागा घेतल्या. जातीचा प्रश्न आणि शेतीचा प्रश्न एकत्र मांडण्याची शक्यता त्या वेळी पुन्हा दिसली. डावे तिच्या कडेला उभे होते.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून कापूस उत्पादकांच्या आत्महत्या सुरू झाल्या. २००२ पासून एकाधिकार खरेदी मोडीत निघाली आणि खासगी व्यापारी परतले. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची योजना जाहीर झाली. त्यांचे सरकार डाव्यांच्या पाठिंब्यावर उभे होते. ग्रामीण रोजगार हमीचा २००५ चा कायदा आणि मेळघाटातील आदिवासींना ज्याचा आधार मिळाला तो २००६ चा वनहक्क कायदा, या दोन्हींमागे डाव्यांचा आग्रह होता. बँका, विमा आणि पेन्शन पुरती खुली करण्यास त्यांनी अडवले. उत्पादन खर्चावर ५० टक्के अधिक धरून हमीभाव द्यावा, ही स्वामिनाथन आयोगाची शिफारस मात्र याच काळात कागदावर पडून राहिली, आणि तिच्यासाठी सरकारचा पाठिंबा पणाला लावला गेला नाही. २००७ मध्ये प्रतिभा पाटील डाव्यांच्याही मतांनी राष्ट्रपती झाल्या.

फेब्रुवारी २००८ च्या अर्थसंकल्पातील कर्जमाफीने दोन हेक्टरांची मर्यादा घातली. त्याहून थोडी जास्त कोरडवाहू जमीन असलेल्या वऱ्हाडी शेतकऱ्याला पूर्ण माफी मिळाली नाही; त्याला उरलेली रक्कम भरल्यास २५ टक्के सूट देण्यात आली. ज्या भागातल्या मरणांमुळे कर्जमाफीचा विषय पुढे आला, त्याच भागाला या मर्यादेने सर्वाधिक वगळले. डाव्यांसाठी सरकारची मान धरण्याचा हा प्रसंग होता. ८ जुलै २००८ ला त्यांनी पाठिंबा काढला तो अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावरून. २२ जुलैला सरकारने २७५ विरुद्ध २५६ मतांनी विश्वास जिंकला. सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडाली आणि जगभर मंदी आली. बँका खुल्या करण्याविरुद्ध डाव्यांनी चार वर्षे दिलेले इशारे खरे ठरले, तेव्हा सरकारवर त्यांचा कसलाही दाब उरलेला नव्हता. २००९ च्या निवडणुकीत लोकसभेतील त्यांच्या जागा ५९ वरून २४ वर आल्या; अमरावतीतून शिवसेनेचे आनंदराव अडसूळ, अकोल्यातून भाजपचे संजय धोत्रे निवडून आले.

२०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कापूस फस्त केला. डिसेंबरमध्ये शेतकरी जागर मंचाच्या झेंड्याखाली अकोल्यात शेतकऱ्यांनी ठिय्या दिला : बोंडअळीची भरपाई द्या, मूग-उडीद-सोयाबीनची हमीभावाने खरेदी करा, कर्जमाफी नीट राबवा. तीन दिवस पोलीस मुख्यालयाच्या मैदानावर त्यांच्याबरोबर बसलेले आणि मागण्या मान्य झाल्यावरच उठलेले नेते होते भाजपचे माजी अर्थमंत्री यशवंत सिन्हा, १९९१ मध्ये सोने बाहेर गेले तेव्हा अर्थखाते ज्यांच्याकडे होते ते.